यांत्रिक सोबती प्राणी

एकाकी वृद्ध, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण व अपंग व्यक्तींना स्पर्शाची सोबत मिळावी म्हणून बनवलेली, प्राण्याच्या रूपातली यंत्रे. त्यांत सर्वाधिक अभ्यास झाला तो जपानच्या ‘पारो’चा. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ मध्ये त्यावर काम सुरू केले, २००५ मध्ये तो विक्रीस आला आणि २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा मिळाला. रूप पांढऱ्या, लोकरी सील-पिल्लाचे. वजन सुमारे २.७ किलो. मांजर किंवा कुत्रा केला असता तर माणसाने तो खऱ्याशी ताडून पाहिला असता; सील कोणी पाळलेला नसतो. स्पर्श, उजेड, आवाज, तापमान टिपणारे संवेदक आत असतात. कुरवाळले की तो मान वळवतो, डोळे मिटतो. ठेवलेल्या नावाला हळूहळू ओ देऊ लागतो. किंमत मात्र हजारो डॉलर. हॅस्ब्रोने २०१५ मध्ये आणलेले घुरघुरणारे मांजर त्यामानाने बरेच स्वस्त आहे.

ऑस्ट्रेलियात ४१५ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर झालेली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मुळातून समजून घेण्याजोगी आहे. एका गटाला पारो दिला, दुसऱ्याला यंत्रणा बंद केलेला तोच पारो, तिसऱ्याची नेहमीची शुश्रूषा चालू ठेवली. चालू पारोशी लोक अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. पण अस्वस्थता कमी होण्यात चालू आणि बंद पारोमध्ये फारसा फरक दिसला नाही. म्हणजे मऊ, वजनदार काही कुशीत असण्याचाच मोठा वाटा असावा. महागड्या यंत्रासाठी देणग्या गोळा करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायलाच हवे.

पुण्यात ही गरज अनोळखी नाही. मुले परदेशी आणि आईवडील कोथरूड-औंधच्या फ्लॅटमध्ये, हे चित्र घरोघरी आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींना कुत्रा फिरवणे झेपत नाही, आणि मणक्याच्या दुखापतीने खाटेला खिळलेल्याला तर नाहीच. नवी पेठेतल्या ‘निवारा’सारख्या जुन्या वृद्धाश्रमांत एकच यंत्र अनेकांच्या हातांत फिरेल, तेव्हा दर वेळी पुसणे आले, पावसाळ्यात दमट लोकर वाळवणेही.

आक्षेप फसवणुकीचा आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ शेरी टर्कल यांच्या मते यंत्र माणसाला समजून घेत असल्याचा केवळ भास निर्माण करते. म्हणून समजू शकणाऱ्याला ‘हे खेळणे आहे’ असे आधी स्पष्ट सांगावे. ‘मला काय कुक्कुलं बाळ समजलात?’ असे म्हणून कोणी ते दूर सारले, तर आग्रह करू नये. त्यांना ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला नेणारे कोणी हवे असते.