पार्ट लोड मालवाहतूक : नागपूरच्या लघुउद्योगांच्या संदर्भात

ट्रकभर माल नसलेल्या अनेक व्यापाऱ्यांचा माल एकाच गाडीत भरून पाठवण्याच्या पद्धतीला पार्ट लोड म्हणतात. पूर्ण गाडी एकट्याने ठरवली तर तो फुल लोड. नागपुरात सावजी मसाला, पापड-कुरडया, संत्रा बर्फी, तयार कपडे, यंत्रांचे सुटे भाग अशा मालाचे लहान उत्पादक पार्ट लोडवर किंवा कुरिअर-पार्सलवर अवलंबून असतात. मालाचे भाडे किती लागेल आणि माल हरवला तर भरपाई किती मिळेल, हे बहुतांशी गाडी सुटण्यापूर्वीच ठरलेले असते : खोक्याच्या मापात, बिल्टीवर म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर लिहिलेल्या किमतीत आणि ई-वे बिल या वस्तू व सेवा कराच्या वाहतूक परवान्याच्या मुदतीत. नवा उद्योजक मात्र बहुधा फक्त किलोमागचा दर विचारतो.

स्थान आणि बाजार

श्रीनगर–कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि गुजरातहून ओडिशाकडे जाणारा महामार्ग ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्गही येथेच मिळतात. ७०१ किमी लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मिहान प्रकल्पाची कल्पनाही विमानतळाला लागून मालवाहतुकीचे केंद्र उभारण्याची होती.

या भूगोलाचा लाभ लहान मालाला आपोआप मिळत नाही. फुल लोडची गाडी भरली की निघते. पार्ट लोडचा माल मात्र त्या दिशेचा पुरेसा माल जमेपर्यंत गोदामात पडून राहतो, आणि रस्ता कितीही वेगवान झाला तरी ही थांबण्याची वेळ कमी होत नाही. त्यामुळे बुकिंग करताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. त्या मार्गावर ट्रान्सपोर्टची स्वतःची गाडी रोज सुटते की आठवड्यातून ठरावीक वारी? आणि माल शेवटपर्यंत त्याच कंपनीकडे राहतो की मध्ये दुसऱ्याच्या हवाली होतो? पुणे, मुंबई, रायपूर, हैदराबाद, इंदूर या मार्गांवर गाड्या नेहमीच्या असतात. गडचिरोली किंवा गोंदियाच्या आतल्या गावांकडे जाणारा माल जिल्ह्याच्या ठिकाणी उतरतो आणि तिथून पुढे स्थानिक टेम्पोची सोय करावी लागते. ती कोणी करायची हे आधी ठरलेले नसेल तर गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही ट्रान्सपोर्टला फोन करत बसतात.

शहरात मालाचे अड्डे ठरलेले आहेत. कापड गांधीबागेत, किराणा व मसाले इतवारीत, धान्य, मिरची आणि संत्री कळमन्यात. ट्रान्सपोर्टची गोदामे अमरावती रोडवर महापालिकेच्या हद्दीला लागून असलेल्या वाडीत आणि भंडारा रोडवर कापसीकडे दाटलेली आहेत. कारखाने हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत. इतवारीच्या गल्लीतून वाडीपर्यंत माल नेणारा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, हा म्हणूनच खर्चाचा स्वतंत्र भाग आहे, आणि हिशेबात तो अनेकदा धरलाच जात नाही. जड वाहनांना शहरात ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारी-महालात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास आणि हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधानभवनाच्या परिसरात रस्ते वळवलेले असतात. या दिवसांचा माल आदल्या दिवशीच गोदामात पोहोचवणे शहाणपणाचे.

भाड्याचा हिशेब

हलका पण जागा खाणारा माल वाहतूकदाराला परवडत नाही. त्यामुळे खरे वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे आकारले जाते. आकारमानी वजन काढताना खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार ठरावीक भाजकाने भागतात. विमानाने जाणाऱ्या कुरिअरला ५,००० हा भाजक सर्रास वापरला जातो. रस्त्याच्या मालाला प्रत्येक कंपनीचा भाजक वेगळा असू शकतो, म्हणून तो दरपत्रकात लिहून घ्यावा.

कुरडयांचे उदाहरण पाहू. नऊ किलो कुरडया ६० × ४५ × ४० सेंमीच्या खोक्यात भरल्या तर ५,००० च्या भाजकाने आकारमानी वजन २१.६ किलो येते आणि भाडे जवळपास २२ किलोचे द्यावे लागते. त्याच कुरडया थरांत नीट रचून ४५ × ३५ × ३५ सेंमीच्या खोक्यात बसल्या तर हेच वजन ११ किलोंच्या आसपास येते. माल तोच, भाडे निम्मे. दरात घासाघीस करून एवढी बचत कधीच होत नाही. चार-पाच ठरावीक मापांची खोकी बनवून घेणे आणि प्रत्येक मालाला कोणते खोके हे कामगारांच्या टेबलाजवळ लिहून लावणे ही लहान धंद्यासाठी सर्वांत फायद्याची गुंतवणूक ठरते.

मूळ भाड्यावर हमाली, बिल्टी खर्च, डिझेलचा अधिभार, घरपोच देण्याचे शुल्क आणि गोदामात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास विलंब आकार लागतो. भाडे पाठवणाऱ्याने दिले असेल तर बिल्टीवर ‘पेड’ आणि घेणाऱ्याने द्यायचे असेल तर ‘टू पे’ असे लिहितात. ‘टू पे’ माल घेणाऱ्याने नाकारला तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे अखेर पाठवणाऱ्याच्याच गळ्यात पडते. अनोळखी गिऱ्हाइकाला पहिला माल ‘टू पे’ पाठवू नये, हा इतवारीतला जुना शिरस्ता याच कारणाने टिकून आहे.

दर वर्षभर एकसारखा राहत नाही. बाहेरगावची गाडी नागपुरात माल उतरवून परत जाताना रिकामी जाण्यापेक्षा कमी भाड्यात माल घेते. यालाच परतीचा लोड म्हणतात. उलट संत्र्यांचा हंगाम, कापसाची उचल किंवा दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस अशा काळात गाड्या मिळत नाहीत आणि भाडे चढते. दिवाळी व होळीला चालक गावी गेल्यावर पुढचे काही दिवसही तसेच जातात. सणाचा माल सणाच्या आधी पोहोचायचा असेल तर तो गर्दीच्या आधीच निघायला हवा.

बिल्टी

माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराने दिलेली पावती म्हणजे बिल्टी. तिच्यावर पाठवणारा, घेणारा, नगांची संख्या, वजन, मालाचे वर्णन, घोषित किंमत आणि भाडे असते. घेणाऱ्याची मूळ प्रत दाखवल्यावर माल सोडणे ही रीत आहे. म्हणून पैसे येण्याआधी बिल्टीचा फोटो पाठवायला हरकत नाही, पण मूळ प्रत हातची सोडू नये.

रस्त्याने माल वहन अधिनियम २००७ आणि त्याखालील २०११ चे नियम लहान उद्योजकाने एकदा तरी समजून घ्यावेत असे आहेत. जादा जोखमीचा दर भरून जबाबदारी वाढवून घेतली नसेल तर माल हरवल्यास किंवा खराब झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते, आणि ती घोषित किमतीपेक्षा जास्त होत नाही. तीनशे रुपये भाड्याने अठरा हजारांच्या साड्या पाठवल्या आणि गठ्ठा गहाळ झाला, तर कायद्याने मिळू शकतात ते तीन हजार. जादा जोखमीचा दर वाचवण्याची सवय मोडायला हे एवढे उदाहरण पुरेसे आहे. महाग माल नियमित जात असेल तर मार्गस्थ मालाचा विमा वेगळा घ्यावा. एकेका खेपेचा विमा काढण्यापेक्षा वर्षभराची खुली पॉलिसी सोयीची पडते. तिच्यात आग, अपघात, गाडी उलटणे एवढेच धरले आहे की चोरी आणि कमी पोहोचलेला मालही, हे कलम वाचूनच सही करावी.

ई-वे बिल

वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची करासह किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे. नागपूरच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा. कोल्हापूर शेकडो किलोमीटर दूर असूनही राज्यात आहे. पांढुर्णा, छिंदवाडा, सिवनी ही जवळची गावे मात्र मध्य प्रदेशात मोडतात. सत्तर हजारांचा माल कोल्हापूरला ई-वे बिलाशिवाय जातो, छिंदवाड्याला जात नाही. जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी, राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला तर किमतीची मर्यादाच नाही.

बिलाच्या भाग ‘अ’मध्ये मालाची आणि भाग ‘ब’मध्ये गाडीची माहिती असते. उद्योजकाच्या जागेपासून वाहतूकदाराच्या गोदामापर्यंतचे अंतर राज्यातच आणि ५० किमीच्या आत असेल, तर त्या टप्प्यासाठी भाग ‘ब’ भरावा लागत नाही. हिंगण्याहून वाडीला माल नेणाऱ्यांना ही सवलत रोजच्या कामाची आहे. मुदत दर २०० किमी किंवा त्याच्या अंशाला एक दिवस अशी मोजतात. हैदराबादचे अंतर सुमारे ५०० किमी, म्हणजे तीन दिवस. मुदत संपण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ तास एवढ्याच काळात ती वाढवून घेता येते. पार्ट लोडचा माल गोदामात थांबणार हे गृहीत धरून कोणीतरी या घड्याळावर लक्ष ठेवलेच पाहिजे. बिल चुकले तर २४ तासांच्या आत रद्द करता येते.

बांधणी

वाडीच्या गोदामातून पुण्याच्या दुकानापर्यंत जाताना एक नग अनेक हातांतून चढतो-उतरतो, आणि दर वेळी त्याच्यावर दुसऱ्याचा माल रचला जातो. ‘काळजीपूर्वक हाताळा’ असे लिहिल्याने यात फरक पडत नाही. पाच पदरी खोके, कोपऱ्यांना आधार आणि आत पोकळी न ठेवणे यानेच पडतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद ट्रकमध्ये त्याहून जास्त तापते. टेपचा गोंद सैल होतो, बर्फीला तूप सुटते, लोणच्याच्या बरणीतून तेल पाझरते. एप्रिल-मेमध्ये टेपवर भिस्त न ठेवता वरून प्लास्टिकची पट्टी आवळावी. मिठाईसारखा माल रात्री सुटणाऱ्या गाडीला द्यावा किंवा त्या दोन महिन्यांत दूरच्या ऑर्डर घेऊच नयेत. पावसाळ्यात खोक्याच्या आत प्लास्टिकची पिशवी हवीच, कारण ताडपत्री गळते.

प्रत्येक नगावर मार्का, म्हणजे आपली ओळखीची खूण, आणि ‘१/६’, ‘२/६’ असे क्रमांक दोन बाजूंना घालावेत. मोठा मार्का दुरून ओळखू येतो आणि सहापैकी एक नग मागे राहिला तर हमालाच्याही लगेच लक्षात येते.

इतर साधने

एका रात्रीत पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे असेल तर एसटीचे पार्सल किंवा ट्रॅव्हल्सची डिकी वापरतात. वेग मिळतो, मात्र घेणाऱ्याला स्टँडवर जावे लागते आणि पावती नीट घेतली नाही तर दावा करायला आधारच उरत नाही. रेल्वेचे पार्सल वजनदार मालाला स्वस्त पडते. त्यात गाडी नागपूरहून सुटणारी निवडावी. नागपुरावरून जाणाऱ्या गाडीचा थांबा थोडा असतो आणि पार्सल डब्यातली जागा आधीच भरलेली असू शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीला संत्री घेऊन गेलेल्या किसान रेल्वेने नाशवंत मालासाठी रेल्वेचा उपयोग दाखवून दिला होता.

ऑनलाइन विक्रीची लहान पार्सले टपाल खात्याच्या स्पीड पोस्टने किंवा कुरिअरने जातात. दुर्गम गावांसाठी टपालाची पोच अजूनही सर्वांत भरवशाची आहे. परदेशी किरकोळ ऑर्डरींसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढून ठेवावा.

या व्यवहारातला मोठा तोटा परत आलेल्या पार्सलांचा. माल पोहोचल्यावर पैसे देणारे गिऱ्हाईक फोन उचलत नाही किंवा पत्ता सापडत नाही, आणि विक्रेत्याला दोन्ही बाजूंचा खर्च सोसावा लागतो. नागपूरचे पत्ते रस्त्यांच्या नावांपेक्षा ले-आऊट आणि प्लॉट क्रमांकांवर चालतात, आणि एकाच नावाची नगरे शहराच्या दोन टोकांना असू शकतात. म्हणून पिन कोड, जवळची ठळक खूण आणि दुसरा फोन क्रमांक घेतल्याशिवाय पार्सल बांधायला घेऊ नये. शहराचे पिन कोड ४४० ने सुरू होतात, आसपासच्या तालुक्यांचे ४४१ ने. एवढे तपासले तरी बऱ्याच चुका घरच्या घरी पकडता येतात.

तक्रार आणि दावा

फुटलेला किंवा ओला नग आला तर तो गोदामातच उघडून, मोजून, पोचपावतीवर नुकसानीचा शेरा लिहून मग सही करायला गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. शेऱ्याशिवाय सही झाली की माल चांगल्या स्थितीत मिळाला असेच धरले जाते. बांधणी करतानाचे आणि नग सोपवतानाचे फोटो जपून ठेवावेत. रस्त्याच्या मालासाठी नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला द्यावी लागते, तोंडी तक्रारी आणि फोन त्यात मोजले जात नाहीत. रेल्वेच्या मालासाठी ही मुदत सहा महिन्यांची आहे. रेल्वेने भरपाई नाकारली तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे जाता येते, म्हणजे त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.