बर्फ पांढरा, मग व्हिडिओत राखाडी का?

भाचा जानेवारीत गुलमर्गला जाऊन आला. अफरवटच्या उतारावर मित्र स्कीइंग करतायत, असे वीसेक व्हिडिओ त्याने आणले आणि सगळ्यांतला बर्फ ओल्या सिमेंटच्या रंगाचा! "मामा, आता चांगला कॅमेरा घ्यायला हवा," असं त्याचं म्हणणं. पण कॅमेऱ्याने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरून किती उजेड येतोय एवढंच मोजतो. उजेड जास्त आला, तर ऊन कडक आहे की वस्तूच पांढरी आहे, हे नुसत्या मोजणीतून कळायला मार्ग नाही. म्हणून एक गृहीतक धरलेलं असतं: झाडं, माती, माणसं मिळून बनलेलं नेहमीचं दृश्य अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवतं. हाच मध्यम राखाडी. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के परतवतो. त्याचा एकेक स्फटिक काचेसारखा पारदर्शक, पण भुसभुशीत बर्फात स्फटिकांचे असंख्य पृष्ठभाग असतात. प्रत्येकावर थोडा प्रकाश वळतो, उलटतो, आणि कुठलाच रंग फारसा शोषला न गेल्याने सगळा उजेड पांढराच बाहेर पडतो. खडीसाखर पारदर्शक आणि तिची पूड पांढरी, तसंच हे. मापक एवढा उजेड पाहून एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा उजेड, घटवतो आणि बर्फाला १८ टक्क्यांच्या राखाडीवर आणून बसवतो. ९० भागिले १८ म्हणजे पाचपट फरक. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप. त्या हिशेबाने पाचपट म्हणजे सुमारे २.३ स्टॉप.

म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाच्या हिशेबात आपण केलेली दुरुस्ती, +१.५ ते +२ स्टॉप ठेवावं. पूर्ण २.३ देऊ नये, कारण उन्हात चमकणारे कण सेन्सरच्या मर्यादेपलीकडे जातात आणि बर्फाचा पोतच पुसला जातो. मग ते एक्स्पोजर लॉक करावं. नाही तर काळं जॅकेट घातलेला खेळाडू जवळ येताच कॅमेरा दृश्य उजळतो, तो गेला की पुन्हा काळवंडतो, आणि व्हिडिओभर बर्फ धडधडत राहतो.

आता शटर, म्हणजे एका चित्रासाठी सेन्सरवर किती वेळ उजेड पडू द्यायचा ते. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. १/१०० सेकंदात स्कीअर २० सेंटिमीटर सरकतो, १/१००० सेकंदात फक्त २. फोटोला १/१००० उत्तम, पण व्हिडिओत तेवढी धार आली की हालचाल तुटक वाटते. म्हणून सेकंदाला ५० फ्रेम असतील तर शटर १/१००, म्हणजे एका फ्रेमच्या निम्मा वेळ. पण लख्ख उन्हातल्या बर्फावर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवूनही, त्यासाठी लेन्सचं छिद्र एफ/२२ इतकं बारीक करावं लागतं (आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान) आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, चित्र मऊ पडतं. यावर उपाय एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काळसर काच. तो उजेड सहा स्टॉपांनी कमी करतो, म्हणजे एफ/२.८ पर्यंत मोकळीक मिळते. जाहिराती ८के आणि मेगापिक्सेलचा डंका पिटतात. इथे या साध्या काळ्या काचेचा उपयोग कितीतरी जास्त.

लेन्स कुठली, हे तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ठरतं. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्स लावली, तर १०० मीटरवर जेमतेम १८ मीटर रुंदी मावते, म्हणजे आडवा जाणारा स्कीअर ०.९ सेकंदात चौकटीबाहेर. तेव्हा कॅमेरा त्याच्यासोबत वळवता येत नसेल, तर ७०-२०० झूम ७० वरच ठेवा. मागोमाग स्वतः स्की करत चित्रण करायचं असेल तर वाइड अँगल, त्यात हादरे कमी जाणवतात.

"उंचावर अतिनील किरणांमुळे निळसर छटा येते, यूव्ही फिल्टर लावा," हा सल्ला फिल्मच्या काळातला. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील अडवणारी काच आधीच असते. बर्फावरच्या सावल्या खरोखरच निळ्या असतात, कारण तिथे सूर्य पोहोचत नाही, उजेड येतो तो निळ्या आभाळाचा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगसंतुलन) ५,५०० केल्विनच्या, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या, आसपास पक्का करा आणि तो निळा राहू द्या.

भाच्याचे व्हिडिओ आम्ही संगणकावर दीड स्टॉप उजळले. बर्फ बराच पांढरा झाला. मित्राच्या काळ्या जॅकेटात मात्र नॉइजचे दाणे उठले.