दहा तास आणि साडेचौदा डॉलर

मालक राजी, कामगार राजी, मग सरकारने मध्ये का पडायचं? अमेरिकेत हा वाद गाजला तो एका बेकरीमुळे. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरी कामगारांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. यूटिकाच्या जोसेफ लॉकनरने ती मोडली, ५० डॉलर दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ही मर्यादाच घटनाबाह्य ठरली. आधार होता १४व्या घटनादुरुस्तीचा. यादवी युद्धानंतर, १८६८ साली, ही दुरुस्ती झाली ती मुख्यतः गुलामीतून सुटलेल्यांच्या हक्कांसाठी. योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय (‘ड्यू प्रोसेस’) कुणाचंही स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असं ती सांगते. तिच्यातल्या ‘स्वातंत्र्य’ या शब्दात बहुमतातल्या न्यायमूर्तींना करार करण्याचं स्वातंत्र्य सापडलं. गंमत म्हणजे लॉकनरची बाजू मांडणारा हेन्री वाइसमन एकेकाळी बेकरी कामगारांचा पुढारी होता; याच कायद्यासाठी तो झटला होता!

१९२३ मध्ये वेतनाची पाळी आली. राजधानी वॉशिंग्टनमधला महिलांच्या किमान वेतनाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने करारस्वातंत्र्याच्याच नावाने रद्द केला. त्या खटल्यात हॉटेलची लिफ्ट चालवणारी २१ वर्षांची मुलगीही होती. महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचं जेवण एवढ्यावर ती खूश होती. कायद्यामुळे नोकरी गेली, अशी तिची तक्रार.

चक्र फिरलं १९३७ साली. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची गावी एल्सी पॅरिश हॉटेलच्या खोल्या साफ करायची. किमान वेतन ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर, तिला मिळत होतं कमी. थकलेल्या २१६ डॉलर १९ सेंटसाठी ती लढली आणि जिंकली, पुन्हा पाच विरुद्ध चार. आदल्याच वर्षी किमान वेतनाच्या कायद्याविरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती रॉबर्ट्स या वेळी तिच्या बाजूने होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आपल्या बाजूचे न्यायमूर्ती नेमता यावेत म्हणून न्यायमूर्तींची संख्या वाढवणार म्हणून ते घाबरले, असं अजूनही सांगतात. पण त्यांनी आपलं मत सहकाऱ्यांना सांगितलं डिसेंबर १९३६ मध्ये, आणि ती योजना जाहीर झाली फेब्रुवारीत.

आपल्या घटनेलाही याची झळ लागली. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, तेव्हा कायदे रद्द करण्याचा एवढा अधिकार न्यायालयांच्या हाती देऊ नका, असा सल्ला त्यांना मिळाला. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मध्ये अमेरिकेची ‘ड्यू प्रोसेस’ ही शब्दयोजना न येता ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली, त्यामागे हाही धागा आहे. पुढे अजमेरच्या एका कापडगिरणीने किमान वेतन कायद्याला आव्हान दिलं. कामगारच कमी पगारावर राजी आहेत, हा युक्तिवाद तिथेही झाला. १९५५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि किमान वेतन हा धंद्याच्या स्वातंत्र्यावरचा वाजवी निर्बंध ठरवला.