खोका बांधण्याच्या स्पर्धेमागचा इतिहास

दिव्यांग व्यक्तींच्या व्यावसायिक कौशल्यांची जपानमधील राष्ट्रीय स्पर्धा ‘अ‍ॅबिलिम्पिक्स’ या नावाने ओळखली जाते. ‘क्षमतांचे ऑलिम्पिक’ असा या जोडशब्दाचा अर्थ आहे. संगणकावरील आरेखन, शिवणकाम, सुतारकाम अशा अनेक प्रकारांबरोबर तिथे उत्पादनांच्या पॅकिंगचीही स्पर्धा असते आणि तिच्यात प्रामुख्याने बौद्धिक दिव्यांगता असलेले तरुण कामगार उतरतात. सपाट घडी केलेला पुठ्ठ्याचा खोका उभा करायचा, तळाच्या पाकळ्या काटकोनात दुमडायच्या, चिकटपट्टी नेमकी जोडावर बसवायची, वस्तू ठरलेल्या संख्येने आणि ठरलेल्या पद्धतीने भरायच्या आणि खोका बंद करून पुढच्याला हात घालायचा, असे हे काम आहे. पाहणाऱ्याला ते सोपे वाटते. प्रत्यक्षात विसाव्या खोक्याची पट्टी पहिल्या खोक्याइतकीच सरळ बसवणे आणि मोजणीत एकदाही न चुकणे याला फार मोठी एकाग्रता लागते. लॉजिस्टिक्सच्या, म्हणजे माल साठवण्याच्या, वेचण्याच्या, बांधण्याच्या आणि पोहोचवण्याच्या व्यवसायाचा सगळा विश्वास या एका गोष्टीवर उभा असतो.

ही स्पर्धा कुठून आली हे पाहायचे तर १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकपर्यंत मागे जावे लागते. त्या स्पर्धेच्या आयोजनात पुढाकार घेणारे अस्थिशल्यविशारद डॉ. युताका नाकामुरा यांनी १९६० मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात, खेळांतून दिव्यांग रुग्णांचे पुनर्वसन करणारे डॉक्टर लुडविग गुटमन यांचे काम पाहिले होते. टोकियोत आलेले अनेक परदेशी खेळाडू आपापल्या देशांत नोकरी-व्यवसाय करणारे होते, तर जपानी खेळाडूंपैकी बहुतेक जण रुग्णालयांतून किंवा शुश्रूषागृहांतून आणलेले होते. मैदानावरील पदकांपेक्षा हा फरक नाकामुरांना अधिक बोचला. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, त्यांनी ओइता प्रांतातील बेप्पू येथे ‘ताइयो नो इए’, म्हणजे ‘सूर्याचे घर’, ही संस्था स्थापन केली. तिचे ब्रीद होते, ‘दया नको, संधी द्या’. ओमरॉन या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कंपनीबरोबर भागीदारीत काढलेला तिचा कारखाना १९७२ मध्ये सुरू झाला आणि नंतर सोनी, होंडा यांसारख्या कंपन्याही त्या वाटेने आल्या.

त्याच १९७२ मध्ये जपानमध्ये दिव्यांगांची पहिली राष्ट्रीय व्यवसाय-कौशल्य स्पर्धा भरली. (योगायोग असा की, त्याच वर्षी सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले.) धडधाकट तरुणांच्या कौशल्य स्पर्धा त्याआधीपासून होत होत्या. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात १९५० मध्ये माद्रिदला झालेल्या स्पर्धेतून आजची ‘वर्ल्डस्किल्स’ ही जागतिक कौशल्य स्पर्धा उभी राहिली आहे. जपानने त्याच धर्तीवर दिव्यांगांना त्यांच्या कामातून ओळख मिळवून देणारे व्यासपीठ उभे केले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे आंतरराष्ट्रीय दिव्यांग वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा पहिली आंतरराष्ट्रीय अ‍ॅबिलिम्पिक्सही जपानमध्येच झाली. पुढे बोगोटा, हाँगकाँग, पर्थ आणि प्राग अशी ती फिरत राहिली. २००३ मध्ये सहावी स्पर्धा नवी दिल्लीत भरली आणि दहावी २०२३ मध्ये फ्रान्समधील मेट्झ येथे झाली.

सुरुवातीच्या काळात या चळवळीचा भर कारखान्यातील आणि कारागिरीच्या कामांवर होता, आणि ते स्वाभाविकच होते, कारण तेव्हाचा रोजगारच तिथे होता. गोदामाचे काम म्हणजे वजन उचलण्याचे काम, अशी समजूत सर्वत्र होती. आपल्याकडेही गोदाम म्हटले की पाठीवर पोते घेऊन फळी चढणारा माथाडी कामगार डोळ्यांसमोर येतो, आणि त्याच्या हक्कांसाठी महाराष्ट्राला १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या कामातील कष्टांची कल्पना येते. चाकाच्या खुर्चीवरील किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या माणसाला अशा ठिकाणी जागा असेल, असे कोणाच्या मनातही येत नसे. हे चित्र पालटायला ओझे उचलणारी यंत्रे कारणीभूत झाली, तसा बारकोडही झाला. जून १९७४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका दुकानात च्युइंगगमच्या पुड्यावर पहिल्यांदा बारकोड वाचला गेला. पुढच्या दोन-तीन दशकांत गोदामातील कामाचे स्वरूप वाहण्याकडून जुळवण्याकडे सरकले. पडद्यावर दिसणारी वस्तू आणि फडताळावरची वस्तू एकच आहे ना हे पाहणे, ती स्कॅन करणे, मोजणे आणि बांधणे हे मुख्य काम झाले. असे काम चोख करणारी, नियम न मोडणारी आणि तोचतोचपणाला न कंटाळणारी अनेक माणसे आजवर गोदामाच्या दाराबाहेर ठेवली गेली होती.

या बदलाचा मोठा प्रयोग २००७ मध्ये अमेरिकेतील वॉलग्रीन्स या औषधविक्री कंपनीने साउथ कॅरोलायनामधील अँडरसन येथील वितरण केंद्रात केला. कंपनीच्या पुरवठा साखळीचे तेव्हाचे प्रमुख रँडी लुईस यांचा मुलगा स्वमग्न आहे. त्यांच्या आग्रहामुळे तिथे दिव्यांग कामगार मोठ्या संख्येने घेण्यात आले आणि कामाच्या जागा व सूचना त्यांना उमगतील अशा, चित्रांचा आधार घेऊन, आखण्यात आल्या. मात्र वेतन इतरांइतकेच ठेवले आणि कामाचा मापदंडही तोच ठेवला. माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती. मापदंड खाली आणला असता तर ती पुन्हा दयाच ठरली असती.

जपानमध्ये हाच प्रवास कायद्याच्या रस्त्याने झाला. दिव्यांगांच्या रोजगाराचा तिथला कायदा १९६० चा असून ठरावीक टक्के दिव्यांगांना नोकरी देणे १९७६ पासून कंपन्यांवर बंधनकारक झाले. बौद्धिक दिव्यांगता असलेल्यांचा या बंधनात समावेश व्हायला मात्र १९९८ उजाडले. एप्रिल २०२४ मध्ये खासगी कंपन्यांसाठी हे प्रमाण २.५ टक्के करण्यात आले. प्रमाण भरायचे तर कामे शोधावी लागतात, आणि टपालाची विभागणी, पाकिटे भरणे, पॅकिंग, रवानगीची तयारी ही कामे अनेक कंपन्यांना हाताशी सापडली. अ‍ॅबिलिम्पिक्समधील पॅकिंगच्या आणि कार्यालयीन साहाय्यकाच्या स्पर्धांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यांचे मोल कळते. इथे दाखवलेल्या हातोटीला बाहेर गिऱ्हाईक आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध अगदीच उशिराचा नाही. देशातील दिव्यांगांसाठीचे पहिले विशेष रोजगार विनिमय केंद्र १९५९ मध्ये मुंबईत सुरू झाले, म्हणजे जपानच्या कायद्याच्याही एक वर्ष आधी. मुंबईतच ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरिअर्स ही सेवा सुरू केली, जिच्यात पाकिटे पोहोचवणारे कर्मचारी कर्णबधिर आहेत. पत्ता वाचायचा, लोकल पकडायची, इमारत शोधायची आणि सही घ्यायची या कामात ऐकू न येण्याने अडते ते फारच थोडे, आणि तेवढे लघुसंदेशाने भागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण किमान ४ टक्क्यांवर नेले आणि दिव्यांगतेचे २१ प्रकार मान्य केले. खासगी क्षेत्रावर मात्र त्याने बंधन घातले नाही. किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत यासाठी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद तेवढी केली.

दिव्यांगांसाठीची जी कौशल्य परिषद आपल्याकडे आहे, ती इतर क्षेत्रांतील कामांचे अभ्यासक्रम घेऊन ते कोणत्या दिव्यांगतेच्या व्यक्तींना जमतील हे ठरवते आणि त्यानुसार प्रशिक्षणात फेरफार करते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर कंपन्यांनी राज्याराज्यांतील लहान गोदामे मिटवून मोठी केंद्रे उभारली आणि भिवंडी-पनवेल-चाकणच्या पट्ट्यात त्यांची रांग लागली. त्या केंद्रांत पिकर (माल वेचणारे), पॅकर (माल बांधणारे) आणि स्कॅनर चालवणारे यांची गरज रोजची आहे. ज्या खोक्याच्या चार कडा बेप्पूत किंवा टोकियोत तपासल्या जातात, तोच खोका भिवंडीच्या गोदामातील सरकत्या पट्ट्यावरून रोज पुढे जातो, आणि त्याला लावलेली चिकटपट्टी कोणाच्या हातची आहे हे तो उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही.