शोधयंत्रांतून संदर्भांची आयात

संदर्भ-आयात : गुगल स्कॉलर, पबमेड, स्कोपस यांसारख्या अभ्यासविषयक शोधयंत्रांत सापडलेल्या लेखाची, ग्रंथाची किंवा प्रबंधाची नोंद (लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठे इ.) हाताने टंकित न करता झोटेरो, मेंडेली, एंडनोट, जॅबरेफ अशा संदर्भ-व्यवस्थापक सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेण्याची पद्धत. पुढील विवेचन सातारा व सांगलीच्या संशोधक विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. हे दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या (स्था. १९६२) कार्यक्षेत्रातले, २०२१ पासून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. पीएच.डी.ची नोंदणी झाली की सिनॉप्सिसच्या (संशोधन-आराखड्याच्या) पाठोपाठ हे काम विद्यार्थ्याच्या मागे लागते आणि थिसिस बांधणीला जाईपर्यंत सुटत नाही.

आयातीमुळे टंकलेखन वाचते, तपासणी वाचत नाही. शोधयंत्रातून आलेली नोंद हा कच्चा खर्डा असतो. ती कितपत विश्वासार्ह आहे हे ती कोणाकडून आली यावर ठरते. कोणते सॉफ्टवेअर वापरले यावर फारच थोडे.

नोंदींची रूपे : नोंद एका यंत्रणेतून दुसरीत जाते ती ठरावीक साच्याच्या मजकूर-फाइलीतून. आरआयएस साच्यात प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरांची खूण असते : टीवाय म्हणजे नोंदीचा प्रकार, एयू म्हणजे लेखक, पीवाय म्हणजे वर्ष, ईआर म्हणजे नोंद संपली. बिबटेक हा साचा ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये लेसली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी तयार केला. गणित, भौतिकी व अभियांत्रिकीवाल्यांचा तो आजही आवडता. एंडनोटची स्वतःची ‘ईएनडब्ल्यू’ फाइल आहे, पबमेडची ‘एनबिब’. झोटेरो यांतली कोणतीही फाइल उघडतो, त्यामुळे साच्याच्या निवडीवर फार डोके खाजवू नये. मात्र पर्याय असेल तेथे आरआयएस घ्यावा. बिबटेकमधील महिरपी कंसांची भानगड (पुढे ‘कॅपिटल अक्षरे’ पाहा) त्यात नसते.

गुगल स्कॉलर : नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेले हे शोधयंत्र अनुराग आचार्य व अ‍ॅलेक्स व्हर्स्टाक यांनी उभारले. ते फुकट आहे, लॉगिन न करताही चालते आणि इंग्रजीखेरीज मराठी मजकुरातही शोधते. विद्यार्थ्याचा पहिला शोध येथेच होतो, याचे कारण एवढेच. प्रत्येक निकालाखालील अवतरणचिन्हावर टिचकी मारली की एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड व व्हँकूव्हर या शैलींत तयार संदर्भ दिसतो आणि खाली बिबटेक, एंडनोट, रेफमॅन, रेफवर्क्स असे चार दुवे येतात. यांपैकी रेफमॅन म्हणजेच आरआयएस. बिबटेकचा दुवा फाइल उतरवत नाही, ब्राउझरमध्ये नुसता मजकूर दाखवतो. नवखे येथेच अडतात. तो मजकूर कॉपी करून झोटेरोच्या फाइल मेनूतील ‘क्लिपबोर्डवरून आयात’ हा पर्याय वापरला की काम होते. सेटिंग्जमध्ये आपले सॉफ्टवेअर एकदा निवडून ठेवले, तर प्रत्येक निकालाखाली थेट आयातीचा दुवा येतो. पुष्कळ नोंदी एकदम हव्या असतील तर तारांकित करून ‘माय लायब्ररी’त साठवाव्यात आणि तेथून एकगठ्ठा निर्यात कराव्यात.

स्कॉलरच्या नोंदी तुटपुंज्या असतात, हे मात्र ठाऊक हवे. त्यांत डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) नसतो, सारांश नसतो, लेखकांच्या नावांची काही वेळा आद्याक्षरेच असतात आणि लेखक पुष्कळ असले की पहिल्या काहींनंतर ‘अँड अदर्स’ असे लिहून बाकीच्यांची बोळवण केलेली असते. हे ‘अदर्स’ काही वेळा सॉफ्टवेअरमध्ये एका स्वतंत्र लेखकाचे आडनाव होऊन बसतात आणि तसेच संदर्भसूचीत छापले जातात. स्कॉलर एका शोधाचे जास्तीत जास्त १,००० निकाल दाखवते. भराभर नोंदी उचलू लागले की ‘आपण यंत्रमानव नाही’ हे सिद्ध करायला सांगते. महाविद्यालयाच्या अख्ख्या संगणक प्रयोगशाळेचा आयपी पत्ता एकच असेल, तर ही चौकशी फारच लवकर सुरू होते. म्हणून स्कॉलरवर शोधावे, पण नोंद तेथून उचलू नये. लेखाच्या शीर्षकावर टिचकी मारून प्रकाशकाच्या पानावर जावे आणि ती तेथून घ्यावी.

कनेक्टर आणि डीओआय : झोटेरो हे मुक्त सॉफ्टवेअर अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रातून २००६ मध्ये बाहेर पडले. त्याचा ब्राउझरमधील कनेक्टर उघड्या पानाच्या पोटात प्रकाशकाने भरून ठेवलेली अदृश्य माहिती वाचतो आणि तिच्यावरून नोंद तयार करतो. बटणाचे चित्र पाहून पुढे काय होणार हे कळते. लेखाचे चित्र असेल तर लेखाची नोंद येईल, पुस्तकाचे असेल तर ग्रंथाची. फोल्डर दिसला तर निकालांची यादी उघडून खुणा करायला मिळतील. नुसते करडे पान दिसले तर हाती फक्त ‘वेबपेज’ लागेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या बाजारभावावरचे किंवा लागवडीवरचे लेख लहानसहान नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर शोधू लागले की हे करडे पान वारंवार भेटते, कारण तेथे पीडीएफखेरीज काहीच ठेवलेले नसते.

सर्वांत खात्रीचा मार्ग डीओआयचा. ‘१०’ या अंकांनी सुरू होणारा हा कायमचा ओळखक्रमांक झोटेरोच्या जादूच्या कांडीच्या बटणात टाकला की नोंद बहुधा क्रॉसरेफ या डीओआय-नोंदणी संस्थेच्या साठ्यातून येते, आणि तेथे ती प्रकाशकाने स्वतः जमा केलेली असते. ग्रंथासाठी आयएसबीएन, वैद्यकातील लेखासाठी पबमेडचा पीएमआयडी चालतो. कराडच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला तर पबमेडपलीकडे सहसा जावेच लागत नाही. या मार्गाचा अलीकडे आणखी एक उपयोग दिसू लागला आहे. चॅटबॉटने रचून दिलेला संदर्भ दिसायला अगदी चोख असतो, पण त्याचा डीओआय कांडीत टाकला की काहीच येत नाही, किंवा भलत्याच विषयाचा लेख समोर येतो.

कोयनेचे उदाहरण : ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात सातारा जिल्ह्याचे नाव जगभर गेले. पुढे कराडजवळ हजारमाची येथे खोल वेधनाच्या संशोधनासाठी प्रयोगशाळाही उभी राहिली. ‘कोयना’ हा शब्द स्कॉलर, स्कोपस आणि प्रकाशकांची संकेतस्थळे अशा तिन्हीकडे शोधणाऱ्याच्या संग्रहात एकच लेख तीन वेळा येतो. एकात लेखकाचे पूर्ण नाव असते, दुसऱ्यात आद्याक्षरे. एकात नियतकालिकाचे नाव पूर्ण, दुसऱ्यात संक्षिप्त. झोटेरो अशा जुळ्या नोंदी वेगळ्या काढून दाखवतो. त्यांतली एक पुसून टाकण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. दोन्ही एकत्र कराव्यात. प्रकरणाच्या वर्ड फाइलमध्ये आधीच वापरलेली नोंद पुसली गेली की तिचा दुवा तुटतो. एकत्र केल्यास तो टिकतो. जुन्या लेखांना डीओआय नसणार असे गृहीत धरू नये. साठ-सत्तरच्या दशकांतील पुष्कळ लेखांना प्रकाशकांनी तो मागाहून दिला आहे.

नावांचा घोळ : आयातीतील सर्वांत जास्त चुका लेखकाच्या नावात होतात आणि मराठी नावांत त्या विशेष होतात. आपल्याकडे कागदोपत्री आडनाव आधी लिहायची सवय आहे. रयत शिक्षण संस्थेच्या संस्थापकांचे नाव ‘पाटील भाऊराव पायगोंडा’ असे स्वल्पविरामाशिवाय नोंदले, तर सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजते आणि सूचीत ‘पायगोंडा, पा. भा.’ अशी व्यक्ती जन्माला येते. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेलेले असे लेखक स्थानिक महाविद्यालयांच्या नियतकालिकांतून घेतलेल्या नोंदींत सर्रास सापडतात. उलट ‘तर्कतीर्थ’, ‘डॉ.’, ‘प्रा.’ या उपाध्या पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतात. यावर स्वयंचलित उपाय नाही. आयात झाल्याबरोबर आडनाव आणि नाव हे दोन रकाने डोळ्यांखालून घालावेत. संस्थाच लेखक असेल तर रकाना एकेरी करावा, नाहीतर ‘महाराष्ट्र शासन’ याचे ‘शासन, म.’ होते.

शोधगंगा : गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या जाळे-केंद्राकडील या भांडारात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध असतात. शिवाजी विद्यापीठाचे जुने प्रबंधही येथे मिळत असल्याने साताऱ्या-सांगलीचा विद्यार्थी येथे हमखास येतो. येथून आलेल्या नोंदीचा प्रकार ‘थिसिस’ आहे ना आणि मार्गदर्शकाचे नाव सहलेखक म्हणून घुसलेले नाही ना, हे आधी पाहावे. ‘१०६०३’ने सुरू होणारा हँडल दुवा (प्रबंधाचा कायमचा पत्ता) जपून ठेवावा, पानाचा वरचा लांबलचक पत्ता कामाचा नसतो.

कॅपिटल अक्षरे : देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने हा दोष मराठी वाचकाला चटकन खटकत नाही, परीक्षकाला मात्र खटकतो. कास पठारावरील वायतुरा या वनस्पतीचे शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. यातला पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू व्हावा, दुसरा लहान, आणि दोन्ही तिरप्या ठशात असावेत. बिबटेकच्या अनेक शैली शीर्षकातील पहिले अक्षर सोडून बाकी सारी लहान करतात, म्हणजे प्रजातीचे नाव बिघडते. तो शब्द महिरपी कंसांत घातला तर वाचतो. झोटेरोत उलटे घडते : शिकागोसारखी शैली सातारेन्सिसलाही मोठे अक्षर देते. शीर्षके वाक्यासारखी, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामे सोडून लहान अक्षरांत साठवावीत. त्यांतून हवी ती शैली तयार होते. सगळ्या शब्दांना मोठी अक्षरे दिलेल्या शीर्षकातून परत मागे येणे यंत्राला धड जमत नाही.

मराठी साधने : मराठी ग्रंथ आणि नियतकालिकांपाशी आयात बहुतेक थांबते. वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’सारख्या मासिकाच्या जुन्या अंकातील लेखाला डीओआय नसतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेली पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये ओढली, तर शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांचा काला येतो. अशा नोंदी हातानेच भराव्या लागतात. भरताना मूळ देवनागरी कायम ठेवावी आणि भाषेच्या रकान्यात मराठी लिहावे. लाटेक वापरणाऱ्यांनी जुन्या बिबटेकऐवजी बायबर ही त्याच कामाची नवी आज्ञावली घ्यावी, ती युनिकोड नीट वाचते. वाईतच तयार झालेल्या मराठी विश्वकोशाच्या खंडांत नोंदीखाली संदर्भग्रंथ आणि लेखकाचे नाव आडनाव-आधी, स्वल्पविरामासह छापलेले असते. हाताने नोंद भरणाऱ्याला याहून सोपा नमुना जवळपास मिळणार नाही.

सॉफ्टवेअरची निवड : मेंडेली २०१३ पासून एल्सव्हिअरच्या मालकीचे आहे आणि २०२२ मध्ये त्याची जुनी डेस्कटॉप आवृत्ती उतरवून घेणे बंद झाले. एंडनोट विकत घ्यावे लागते. झोटेरो फुकट आहे. त्याच्या मेघसाठ्यात मोफत जागा ३०० एमबी असली, तरी नुसत्या नोंदींना ती लागत नाही, जोडलेल्या पीडीएफ तेवढ्या ती खातात. एकातून दुसऱ्यात जाताना नोंदी आरआयएसमधून जातात, पण फोल्डरांची मांडणी मागे राहते आणि प्रबंधाच्या वर्ड फाइलमधील जिवंत दुवे बहुधा निकामी होतात. म्हणून बदलायचे असेल तर पहिले प्रकरण लिहिण्याआधी.

साहित्यचौर्याची तपासणी : संदर्भसूची लांबली तर साम्याचा टक्का वाढेल, ही धास्ती विद्यार्थ्यांत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भ व ग्रंथसूची या मोजणीतून वगळलेल्या आहेत. त्या भीतीपोटी आयात केलेल्या नोंदींतील शीर्षके मुद्दाम बदलण्याचे प्रकार होतात. तसे केलेला संदर्भ पुढच्या वाचकाला कोणत्याच शोधयंत्रात सापडत नाही.