मॅचला जिवंत कुत्रा मॅस्कॉट म्हणून आणताय? नोंदणी कुठे अडते ते आधी वाचा

मिलवॉकी ब्रुअर्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या सराव शिबिरात २०१४ मध्ये एक भटका कुत्रा शिरला. संघाने त्याचं नाव हँक ठेवलं आणि तो मॅस्कॉटच, म्हणजे संघाचं शुभचिन्हच, होऊन बसला. असले व्हिडिओ बघून आपल्याकडच्या लीगवाल्यांनाही हुरूप येतो: एक लॅब्राडॉर आणू, जर्सी घालू, टॉसच्या वेळी मैदानात फिरवू.

आणता येतो. खेळ करण्यास बंदी असलेल्या प्राण्यांत वाघ, सिंह, अस्वल, माकड आहेत, कुत्रा नाही. मात्र प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम २२ नुसार नोंदणी लागते. २००१ च्या नोंदणी नियमांतला पहिल्या अनुसूचीचा फॉर्म भरून भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाचं कार्यालय आता हरियाणात बल्लभगडला आहे. जुन्या माहितीत चेन्नईचा पत्ता दिसतो, तिकडे कागद पाठवू नका.

पहिला घोळ मुदतीचा. नियमांत ‘तीस दिवसांच्या आत’ असं आहे आणि लोक समजतात की कुत्रा आणल्यावर महिनाभर सवलत आहे. ती मुदत नियम लागू झाल्यापासूनची होती, म्हणजे २००१ मध्येच संपली. शिवाय कायदा नुसत्या प्रदर्शनाबद्दल बोलत नाही, त्यासाठीच्या प्रशिक्षणालाही नोंदणी लागते. ‘आधी शिकवून घेऊ, मग अर्ज करू’ हा क्रमच उलटा.

दुसरा, चुकीचा फॉर्म. दुसऱ्या अनुसूचीचा फॉर्म चित्रीकरणासाठी आहे. संघाच्या जाहिरातीत कुत्रा दाखवायचा असेल तर ती परवानगी वेगळी घ्यायची, तिच्या जोरावर स्टेडियममध्ये उतरता येत नाही.

फॉर्ममध्ये खेळाचं स्वरूप, वापरायचं साहित्य, कार्यक्रम किती वेळाचा आणि दिवसात किती वेळा हे विचारलेलं असतं. इथे मार्केटिंगची मंडळी ‘प्रेक्षकांचे मनोरंजन’ एवढंच लिहून मोकळी होतात. अहो, काय करणार ते लिहा: पट्ट्याने धरून सीमारेषेवरून एक फेरी, पाच मिनिटं, दिवसातून एकदा. नंतर बदल झाला तर तपशील बदलून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

कागदांत सगळ्यात जास्त रखडतो तो मालकीचा पुरावा. कुत्रा ‘मित्राकडून आणलेला’ असतो, पावती नसते, मुंबई-पुण्यासारख्या शहरात बंधनकारक असलेला महापालिकेचा परवानाही काढलेला नसतो. तो आधी काढा. आरोग्याचा दाखला राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी असलेल्या पदवीधर डॉक्टरचाच हवा. गावात रोज उपचार करणारे पदविकाधारक कितीही अनुभवी असोत, त्यांची सही इथे चालत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात नीट उमटला आहे ना, तेवढं तिथेच बघून घ्या.

आता खरी गोम. नियमांनुसार कृत्रिम प्रकाशात प्राण्याला आणायचं तर प्रकाश ५०० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त नको, आणि त्याच्याजवळ मुद्दाम अचानक मोठा आवाज करायचा नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या रात्रीच्या सामन्याचे दिवे याच्या कितीतरी पट असतात. वर डीजे, भोंगे आणि षटकार गेला की फटाके! म्हणजे कुत्रा आणायचाच तर दिवसाचा सामना आणि फेरी संपेपर्यंत स्पीकर बंद. आयोजकांना हे कुणी सांगत नाही, आणि भेदरलेलं जनावर शेपूट पायात घालून बाउंड्रीच्या दोराखाली शिरतं तेव्हा सगळे हँडलरवर, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्यावर, ओरडतात. रस्त्याने सलग आठ तासांपेक्षा जास्त प्रवासही चालत नाही, तेव्हा नागपूरचा कुत्रा पुण्याच्या सामन्याला एका दमात आणू नका.

‘पोलिसांचे कुत्रे तर कवायत करतात की!’ करतात, कारण कलम २७ मध्ये त्यांना सूट आहे. २०२५ च्या आयपीएलमध्ये फिरलेल्या यंत्रकुत्र्यालाही नोंदणी लागली नाही. त्याला दिलेल्या ‘चंपक’ या नावावरून त्याच नावाच्या मुलांच्या नियतकालिकाशी भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, ते निराळं.

विनानोंदणी आणलात तर कलम २६ नुसार ५०० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचा आकडा बघून हसणारे कैदेचा भाग वाचत नाहीत. उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी प्रमाणपत्र मागू शकतो, म्हणून मूळ प्रत ऑफिसच्या कपाटात न ठेवता सामन्याच्या दिवशी हँडलरकडे द्या.