बोन ते साँतने: द्राक्षबागांतून सायकलवरचा एक निवांत दिवस

(फ्रान्स सहलीला येणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

बोन ते साँतने हे अंतर जेमतेम 22 किलोमीटर आहे. रोज सायकल चालवणारा माणूस ते दीड तासात सहज कापेल. त्यामुळे चौकशीला येणारे बरेच जण विचारतात, की त्याच दिवशी दुपारनंतर दिजाँही बसवता येईल का? बसवता येईल, पण आम्ही बसवत नाही. हे 22 किलोमीटर दिवसभर पुरवायचे, गावागावांत उतरायचं, बांधावर बसायचं, यासाठीच हा दिवस आहे. घाईत केलात तर हाती फक्त घाम लागेल.

हा भाग फ्रान्सच्या पूर्वेकडचा, बुर्गुन्य प्रांतातला. पॅरिसहून रेल्वेने दिजाँ आणि तिथून छोट्या गाडीने बोन. आम्ही आदल्या संध्याकाळीच बोनला मुक्काम करतो, म्हणजे सकाळी ओतेल-द्यू हे जुनं रुग्णालय पाहून निघता येतं. निकोला रोलँ या बुर्गुन्यच्या ड्यूकच्या कारभाऱ्याने 1443 मध्ये गोरगरिबांसाठी ते उभारलं. रंगीत झिलईच्या कौलांचं छप्पर सगळे बघतात. आमचं सांगणं, आतलं लांबलचक दालनही सावकाश बघा. दोन्ही भिंतींना लागून लाकडी खाटांची रांग आहे, प्रत्येक खाटेला लाल पडदा, आणि टोकाला प्रार्थनेची जागा, म्हणजे रुग्णाला जवळच प्रार्थना ऐकता यावी. या रुग्णालयाच्या मालकीच्या द्राक्षबागा आहेत आणि त्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून होत आला आहे.

बोनमधून निघालात की दहा-पंधरा मिनिटांत घरं संपतात आणि मळे सुरू होतात. सायकलमार्ग म्हणजे बागांमधली शेतवाटच आहे, बहुतेक ठिकाणी पक्की केलेली. मोटारी फारशा नसतात, पण ट्रॅक्टर असतात, आणि तेही वेगळेच: उंच पायांचे, वेलींची रांग पोटाखाली घेऊन चालणारे. समोरून असा ट्रॅक्टर आला तर कडेला उतरून उभे राहा. त्यांचं कामाचं शिवार आहे ते, आपण पाहुणे.

नाशिक, सांगलीकडच्या मंडळींना इथे बघण्यासारखं खूप आहे. आपल्याकडे मांडवावर किंवा वाय-आकाराच्या तारांवर चढवलेला वेल असतो. इथला वेल कमरेएवढा, ओळीत दाटीने लावलेला. आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो. इथे थंडीत वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच, हिवाळ्यात. काढणी साधारण सप्टेंबरात, उन्हाळा कडक गेला तर ऑगस्टअखेरीसही. लाल वाइनला पिनो न्वार, पांढरीला शार्दोने, मुख्य वाण एवढे दोनच. चव बदलते ती जमिनीने. चुनखडी किती, उतार कसा, सकाळचं ऊन केव्हा पोचतं, यावरून शेजारशेजारच्या तुकड्यांना वेगळी नावं आणि वेगळा भाव. या तुकड्यांना तिथे ‘क्लिमा’ म्हणतात आणि 2015 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. माँराशे हा त्यातला सर्वांत नावाजलेला तुकडा सगळा मिळून सुमारे 8 हेक्टर, म्हणजे वीसेक एकर. प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या हद्दीवर तो येतो, आणि दोन्ही गावांनी 1879 मध्ये त्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. घड कितीही जवळ दिसले तरी तोडू नका.

वाटेत पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी-माँराशे, शासान्य-माँराशे ही गावं लागतात. व्होल्नेकडे चढ आहे. तिथे उतरून सायकल हाताने ढकलली तर काही बिघडत नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर बॅटरीची सायकल घ्या. जेवणाचा मुक्काम मर्सोला. तिथे चर्चचा उंच मनोरा दुरूनच दिसतो आणि चौकाजवळ बसायला सावली मिळते.

जेवणाबद्दल मात्र नीट वाचा. उपाहारगृहं दुपारी बारा ते साधारण दीड एवढ्याच वेळात जेवण वाढतात. अडीचला पोचलात तर उपाशी राहाल. दुकानंही दुपारी बंद असतात आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणी दिवसभर. म्हणून आम्ही हा दिवस मंगळवार ते शनिवार यांतच ठेवतो. शाकाहारी मंडळींनी सॅलड मागवताना ‘साँ लार्दों’ असं सांगावं, नाहीतर वरून डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात. भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. आमच्या मते सर्वांत चांगलं जेवण म्हणजे सकाळीच बेकरीतून घेतलेला ताजा पाव, चीज, टोमॅटो, पीच, आणि सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण चालत नसेल त्यांनी आधी कळवावं, आम्ही दुसरी सोय करतो. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणा. तिथे ते न म्हणता मागणी करणं उद्धट समजतात.

वाइन चाखायची असेल तर तळघराची वेळ आम्ही आधी ठरवून देतो. घोट तोंडात घोळवून भांड्यात टाकणं तिथे रीतीचंच आहे, संकोच करू नका. रक्तातल्या अल्कोहोलची लिटरला अर्ध्या ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

रस्त्याचे नियम थोडक्यात: उजवीकडून चालवायचं, कानात इयरफोन चालत नाहीत, 12 वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचं, आणि आम्ही ते मोठ्यांनाही देतो. तिथल्या सायकलींचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. सवय उलटी असेल तर निघण्यापूर्वी अंगणात दोन फेऱ्या मारा, उतारावर गोंधळ नको. पाण्याची बाटली गावच्या दफनभूमीतल्या नळावर भरता येते, मात्र ‘नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. मदतीसाठी 112.

साँतनेपासून कालव्याकाठच्या सपाट वाटेने शान्यी पाचेक किलोमीटर आहे. तिथून छोट्या रेल्वेने थोड्याच वेळात बोनला परत. डब्यात सायकलची जागा मर्यादित असते, त्यामुळे गट मोठा असेल तर आम्ही दोन गाड्यांत विभागतो. ज्यांना साँतनेलाच थांबायचं असेल त्यांना आमची व्हॅन घेऊन येते.

नोंदणी करताना प्रत्येकाची उंची कळवा, सायकलचा आकार त्यावरूनच ठरतो. लहान मुलांसाठी मागची खुर्ची किंवा जोडगाडी हवी असेल तर तेही तेव्हाच सांगा, ऐनवेळी मिळत नाही.